चिकटवही आणि तिचं बिऱ्हाड

मराठी समीक्षेनं कवितेला डोक्यावर घेतलं, कादंबरीची चिरफाड केली, नाटकाला तर तिसऱ्या घंटेच्या आधीच गाठलं. पण चिकटवहीकडे कुणा समीक्षकानं मान वळवून पाहिल्याचं माझ्या ऐकिवात नाही. वास्तविक मराठी घरांत जेवढ्या चिकटवह्या सुरू झाल्या असतील, तेवढी खंडकाव्यं खचितच सुरू झाली नसतील. 'सुरू झाल्या' म्हणतो. 'पुऱ्या झाल्या' म्हणत नाही. त्या पुऱ्या का होत नाहीत याचं उत्तर वहीत सापडत नाही, वहीच्या सामानात सापडतं. म्हणून या टीकालेखाचा विषय वही नसून वहीचं बिऱ्हाड हा आहे.

तुमचा अधिकार काय, असं कुणी विचारील. मी बँकेत कारकून, शिक्षण बी. कॉम. रस नऊ की दहा या वादात मला गम्य नाही. पण कागद, गोंद, टाचणी, शिक्का आणि दोरा यांच्याशी वीस वर्षं संसार केला आहे. कपाटात रस किती ते सांगता येणार नाही. शिल्लक किती ते मात्र मोजून सांगतो.

आमच्या आत्याच्या काळी हे बिऱ्हाड फार आटोपशीर होतं. ॲल्युमिनियमचा एक डबा. त्यात एक कात्री, एक ब्रश आणि खळीची वाटी. खळ घरी मैदा शिजवून करायची आणि कसर लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद घालायचा. मोरचूद विषारी, त्यामुळे ती वाटी एकदा डब्यात गेली की स्वयंपाकघरात तिला कायमची बंदी. एवढ्या भांडवलावर आत्यानं 'कालनिर्णय'च्या पाठीमागच्या पाककृती, भाचरांच्या लग्नपत्रिकांवरचे गणपती आणि वर्तमानपत्रातले सचिन तेंडुलकर असा तिपेडी ग्रंथ सिद्ध केला. सचिन १९८९ साली पहिली कसोटी खेळला आणि २०१३ साली शेवटची. आत्याची कात्री दोन्ही दिवशी चालली. कात्री तीच.

आता सामान पाहा. नागमोडी कापणाऱ्या कात्र्या, फुलाच्या आकाराची भोकं पाडणारी यंत्रं, चमकी, लेस, मोती, टिकल्या, जाड रंगीत कागद, गोंदाच्या कांड्या, गोंदाची बंदूक आणि ती जपानी नक्षीची कागदी टेप, जिला 'वॉशी' म्हणतात. आमच्या भागात मी एकदा वॉशी टेप मागितली, तर दुकानदारानं वॉशिंग पावडरचा पुडा पुढे केला. तेव्हा अशा खरेदीसाठी सोमाटणे फाटा गाठून पुण्याला जावं लागतं : बोहरी आळी, तुळशीबाग, अप्पा बळवंत चौक. त्यातून आमचं शिरगाव म्हणजे प्रतिशिर्डी. गुरुवारी दर्शनाला लोटणारी गर्दी ओलांडून टेप आणायची, तर एक कशी आणणार? माणूस बारा आणतो. साठेबाजीचं मूळ भूगोलात आहे, हे अर्थशास्त्राच्या पुस्तकात कुणी नीट सांगितलं नव्हतं.

हे सामान घरात ठेवण्याचे चार संप्रदाय मला दिसले.

पहिला डबेवादी. श्रीखंडाचे, मिठाईचे, बिस्किटांचे डबे जमवायचे आणि त्यांत सामान भरायचं. झाकण घट्ट, खर्च शून्य. पण वर 'आम्रखंड' आणि आत टिकल्या! आशय आणि अभिव्यक्ती यांची एवढी फारकत नवकवितेतही नव्हती. आणि उलटाही अनर्थ होतो. एका घरी 'मोती' अशी चिठ्ठी लावलेला डबा यजमानांनी मोठ्या खात्रीनं पाहुण्यांसमोर उघडला आणि आत काजूकतली निघाली. ती कुणी आणि का दडवली होती, हा विषय त्या घरात अजून निघतो.

दुसरा संप्रदाय पारदर्शकतावाद्यांचा. सगळे डबे काचेसारखे आणि प्रत्येकावर चिठ्ठी : 'निळी लेस, रुंद', 'निळी लेस, अरुंद', 'निळी लेस, दोन्ही नाही'. पाहताना डोळे निवतात. मात्र या रांगेच्या शेवटी हमखास एक मोठा डबा असतो आणि त्यावर लिहिलेलं असतं 'किरकोळ'. बँकेत याला सस्पेन्स खातं म्हणतात. ज्या रकमेचं काय करायचं ते कळत नाही ती तिथे टाकायची. फरक एवढाच, की आमच्याकडे तपासनीस येऊन त्या खात्याचा जीव खातो. घरातल्या 'किरकोळ'ला तपासनीस नाही.

तिसरे गूढवादी. यांचं सगळं पलंगाच्या पोटात. कात्री हवी असेल तर गादी उचला, फळी काढा, आणि त्यावर पाहुणा झोपला असेल तर आधी पाहुणा काढा. इथे गेलेली वस्तू असते यावर श्रद्धा ठेवायची. प्रचीती मागायची नाही.

चौथे प्रदर्शनवादी. भिंतीवर जाळी, जाळीला आकडे, आकड्यांना कात्र्या. फोटो काढायला उत्तम. पण समोर खिडकी असली तर दोन उन्हाळ्यांत लाल कागद गुलाबी होतो आणि गुलाबी कागद आठवणीत जातो.

मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल अशी लयीची तीन तत्त्वं सांगितली. कपाटाला ती लागू करून पाहिली. संवाद आणि विरोध ही तत्त्वं नवराबायकोंत लगेच प्रत्ययाला आली. समतोल कपाटाचा होता, तोही एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी दिल्यामुळे.

आता या चारही संप्रदायांना कसाला लावणारा खरा समीक्षक म्हणजे मावळचा पाऊस. इथे जून ते सप्टेंबर हवाच ओली असते. गोंद लावलेली कोरी पाकिटं पत्राची वाट न पाहता आपली आपणच मिटतात. रबरबँड चिघळून कागदावर आपली नाममुद्रा सोडतो. पिना गंजतात. रिझर्व्ह बँकेनं २००१ साली नोटांच्या पाकिटांना पिना मारणं बंद करायला लावलं आणि कागदी पट्ट्या आल्या. आमच्या घरांतून पिना अजून हटलेल्या नाहीत. सेलोटेप पिवळी पडून सुटते आणि डाग तेवढा ठेवते. वर्तमानपत्राच्या कागदात लाकडाचं लिग्निन असतं, त्यामुळे तो पिवळा आणि ठिसूळ होतो. कात्रण टिकवायचं तर त्याची चांगल्या कागदावर प्रत काढावी. बाहेरच्या भिंतीला टेकवलेलं कपाट तर ओल चहासारखी पितं. ते चार बोटं पुढे ओढावं आणि खणात जुन्या रिवाजाप्रमाणे वेखंडाची पुरचुंडी ठेवावी. आणि त्या चिकट पानांच्या अल्बमचं नाव काढू नका! सत्तर-ऐंशीच्या दशकांत घरोघर आले होते : पान आधीच चिकट, वर प्लॅस्टिकचा पापुद्रा, गोंदाची कटकट नाही. आज त्यातला फोटो काढायला जावं तर लग्नातले काका येतात आणि काकू पानावरच राहतात.

गोंदाची कटकट हा जागतिक प्रश्न आहे, बरं का. मार्क ट्वेननं त्यावर १८७३ साली चक्क पेटंट घेतलं. पानांवर आधीच गोंदाचे पट्टे; ओलं करा, चिकटवा. पुढे अक्षरजुळणीच्या यंत्रात पैसे घालून या गृहस्थाचं दिवाळं निघालं. पण या कोऱ्या वहीनं मात्र त्याला चांगली कमाई करून दिली. लिहिलेल्या पुस्तकांपेक्षा न लिहिलेल्या पुस्तकाचं गणित सोपं असतं, हे विनोदी लेखकाला अमेरिकेतही कळलं होतं. तरी त्यानं ती वही शिरगावात आणली नाही हे बरं. इथे जुलैत तिची पानं कात्रणं न घेताच एकमेकांना चिकटली असती आणि ऑगस्टात ती वीट म्हणून भिंतीत बसवता आली असती.

पण आमच्या मावळात साठवणुकीचा याहून मोठा धडा आहे. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई बडोद्याची नोकरी संपवून कामशेतला येऊन राहिले. पुण्याच्या पेशवे दफ्तरातून निवडक कागदांचे ४५ खंड त्यांनी संपादित केले. ते १९३० ते १९३४ या काळात प्रसिद्ध झाले. दफ्तरात कागद ठेवायची पद्धत म्हणजे रुमाल. हा नाक पुसायचा रुमाल नव्हे. चौकोनी कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा. असे हजारो रुमाल. कापड साधं, गाठ साधी, आत मात्र मराठी राज्याचा ऐवज. बांधणारे पुष्कळ होऊन गेले. मोल आलं ते कुणीतरी बसून गाठी सोडल्या, कागद वाचले आणि निवडले तेव्हा. आमच्या कपाटांत नेमकं उलट झालं आहे. रुमाल भरजरी, आणि गाठ कुणी सोडत नाही.

हे मला कळलं ते आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनींमुळे. त्या पारदर्शकतावादी. एके रविवारी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही बँकेतले. माझ्या कपाटाची जरा व्यवस्था लावून द्या ना. जागाच पुरत नाही."

मी कागदपेन्सिल घेऊन गेलो आणि कर्जदाराच्या गोदामात जसा माल मोजतात तसा मोजला. टेपची रिळं ६३. नक्षीच्या कात्र्या १४. रंगीत कागदांची पाकिटं ३१, पैकी फोडलेली ४. तयार वही एक, तिच्यात तयार पान एक. त्यावर सोनेरी अक्षरांत 'आमचं बाळ'. बाळ तेव्हा आठवीत होतं आणि दाराशी उभं राहून फुटू घातलेल्या मिशीवरून बोट फिरवत होतं.

"बाळाचं सामान कुठे आहे?" मी विचारलं.

"असेल की 'किरकोळ'मध्ये," वहिनी म्हणाल्या.

होतं. एका पाकिटात जावळ. पाकीट पावसानं आपोआप मिटलेलं, फाडावं लागलं. बाळाच्या पायांचे ठसे, चौघडीच्या घडीवर तुटायला आलेले. आणि दवाखान्यात मनगटाला बांधतात ती पट्टी. तिच्यावर आईचं नाव, तारीख आणि वजन लिहिलं होतं म्हणे. शाई उडून गेली होती. वहिनींनी पट्टी उजेडात धरली, तिरकी केली, चष्मा लावून पाहिली. मग हळूच म्हणाल्या, "चांगला कागद मिळाला की लावणार होते हो."

मला आमचा काउंटर आठवला. बँकेत पेन दोरीनं टेबलाला बांधतात आणि रोकड तिजोरीत ठेवतात. पेनाला दोरी असल्याबद्दल लोक आम्हाला हसतात. पण तिजोरीत पेनं आणि दोरीला रोकड अशी बँक कुणी पाहिली आहे का? या कपाटात तसं झालं होतं. उद्या बोहरी आळीत पुन्हा मिळेल अशा प्रत्येक रिळाला स्वतंत्र खण, स्वतंत्र चिठ्ठी. आणि जे कुठल्याच आळीत पुन्हा मिळणार नाही ते 'किरकोळ'.

तेव्हा समीक्षकाच्या नात्यानं माझा अभिप्राय असा. साठवणुकीचा चांगुलपणा डब्यांच्या रांगेवरून ठरवू नये. कोणती वस्तू किती जिवाची, आणि तिला कुठली जागा मिळाली, यावरून ठरवावा. आठवणींचं सामान आणि बाजाराचं सामान यांची खाती निराळी हवीत. आठवणींना घरातला सर्वांत कोरडा, वरचा, आतल्या भिंतीचा खण. मागे पेन्सिलीनं नाव आणि तारीख. पेन्सिल उडत नाही. फोटो कागदी पाकिटात, पीव्हीसीच्या पिशवीत नको. आणि बाजाराचं सामान? ते मांडीवर मावेल एवढ्याच एका डब्यात. बाकीची मुदत ठेव समजावी आणि पान पुरं झाल्याशिवाय तिच्यात भर घालू नये. आत्याच्या डब्याचं माप मला कॉस्टिंगच्या कुठल्याही सूत्रापेक्षा पक्कं वाटतं.

वहिनींची व्यवस्था मात्र मला लावावीच लागली नाही. त्या मुलानं माझ्या हातातली पट्टी घेतली, आपल्या मनगटाभोवती गुंडाळून पाहिली. ती अर्ध्यावरही पोचेना. "एवढं होतं मी?" म्हणाला, आणि वजन किती होतं ते आईला विचारलं. ते तिला ग्रॅमसकट पाठ होतं. मग त्यानं पहिली सापडली ती कांडी घेतली आणि वहीच्या दुसऱ्या पानावर पट्टी जरा वाकडीच चिकटवून टाकली. खाली पेन्सिलीनं वजन लिहिलं. वहिनींचा हात टेपच्या रिळाकडे गेला होता. तो तसाच मागे आला.

एकंदर ६३ रिळांपैकी त्या पानाला एकही लागलं नाही. माझ्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये शिल्लक पूर्वीइतकीच राहिली. पण वही एका पानानं पुढे गेली, आणि ती नोंद कुठल्या रकान्यात करायची हे बी. कॉम.ला शिकवलेलं नाही.