‘जेव्हा माणूस जागा होतो’ : आदिवासी परिवर्तन आणि कथनाचा अधिकार

आदिवासी समाजाच्या विकासाचा विचार बहुधा रस्ते, आश्रमशाळा, आरोग्य केंद्रे व शासकीय योजना यांच्या अनुषंगाने केला जातो. गोदावरी परुळेकर यांचा ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) हा अनुभवकथनपर ग्रंथ या विचाराचा क्रमच बदलतो. १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभलेल्या या ग्रंथाचा विषय तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील वारली आदिवासींचा १९४५ मधील उठाव हा आहे.

या भागात वेठबिगारीबरोबरच ‘लग्नगडी’ ही प्रथा रूढ होती. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी नवरा-बायको दोघेही सावकाराच्या घरी राबत असत. २३ मे १९४५ रोजी झरी येथील परिषदेत वारल्यांनी वेठ न करण्याचा निर्धार केला. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाडा येथे झालेल्या पोलीस गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच आदिवासी मृत्युमुखी पडले. तरीही लढा थांबला नाही. कोणतीही योजना पोहोचण्यापूर्वी माणसाच्या मनातील भीती जावी लागते, नकार देण्याचे सामर्थ्य हीच विकासाची पहिली पायरी होय, हे या ग्रंथाचे मुख्य प्रतिपादन ठरते.

तथापि, ग्रंथाची मर्यादाही येथेच जाणवते. निवेदिका सुशिक्षित शहरी वर्गातून आलेली, किसान सभेची कार्यकर्ती आहे. तिची निष्ठा निर्विवाद असली तरी वारल्यांचे दुःख आणि धैर्य वाचकापर्यंत तिच्याच शब्दांतून पोहोचते. शिवाय ‘जागा होणे’ हे रूपक त्यापूर्वीची निद्रा गृहीत धरते. परंतु धवलेरीची लग्नगीते, कणसरीची पूजा आणि तारप्याचा नाच जपणारा समाज निद्रिस्त नव्हता; त्याचा आवाज दडपलेला होता. निद्रा आणि दडपलेपण यांतील हा भेद दुर्लक्षिला की आदिवासी पुन्हा उद्धाराचा विषय ठरतो.

भिल्ल समाजातून आलेले वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ (१९८७) हा कवितासंग्रह या संदर्भात महत्त्वाचा आहे. ‘स्टेज’ या त्यांच्या कवितेत आदिवासींचे दुःख आदिवासींनाच ऐकविणाऱ्या व्यासपीठाविषयीचा प्रश्न उभा राहतो. परुळेकरांच्या ग्रंथात नकाराचा अधिकार मिळतो, तर सोनवणे यांच्या कवितेत कथनाचा अधिकार मागितला जातो.

हा प्रश्न केवळ साहित्यापुरता नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील नियमांत गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदविलेले निवेदन पुरावा म्हणून ग्राह्य मानले आहे. म्हणजेच आदिवासींच्या स्वतःच्या कथनावर आता त्यांच्या जमिनीचा हक्कही अवलंबून आहे. सारांश, ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हा परिवर्तनाच्या प्रारंभाचा मौलिक दस्तऐवज आहे. मात्र ते परिवर्तन पूर्णत्वास जाण्यासाठी जागा झालेला माणूस स्वतः बोलला पाहिजे आणि त्याचे बोलणे नोंदले गेले पाहिजे.