चिकटली म्हणजे वाचवलं का?

आपण शिकतो: पक्व लाल रक्तपेशीवर एचएलए वर्ग-१ नसतो, म्हणून टी पेशीला आतला मलेरिया दिसत नाही. सीडी८ पेशींपुरतं हे ठीक. पण २०२१ च्या ‘नेचर इम्युनॉलॉजी’तल्या शोधनिबंधात गॅमा-डेल्टा टी पेशी फाल्सिपेरमबाधित लाल पेशीला भिडून इम्यून सिनॅप्स बांधतात, ग्रॅन्युलायसिन सोडून परजीवी मारतात.

पुरावा दमदार आहे, पण ही मारामारी बशीतली. गडचिरोलीत फाल्सिपेरमच्या रुग्णाच्या बोटातून रक्त काढलं तर बहुतेक कोवळे परजीवीच दिसतात. वाढलेले केशिकांच्या भिंतीला चिकटलेले असतात. वाहत्या रक्तातून टी पेशी तिथे पोचून पटलाला पटल लावू शकते का? प्रस्ताव लिहिताना प्रश्न इथून सुरू करा.