गुळवेलीची ओळख आणि आरोग्यपूरकांच्या नियमांचे एकसूत्रीकरण

आरोग्यपूरक द्रव्यांचे नियम शेजारी देशांत एकसारखे असावेत, हा विचार गेली दोन दशके आग्रहाने मांडला जात आहे. युरोपीय संघाने २००२ मध्ये अन्नपूरकांविषयीचा निर्देश काढला. आग्नेय आशियातील ‘आसियान’ राष्ट्रांनी २००४ पासून पारंपरिक औषधे व आरोग्यपूरके यांसाठी स्वतंत्र कार्यगट चालविला. कोडेक्स आयोगाने २००५ मध्ये जीवनसत्त्वे व खनिजे यांच्या पूरकांसाठी मार्गदर्शक सूत्रे स्वीकारली. या संहितांचे गुणदोष सामान्यतः व्यापाराच्या दृष्टीने तपासले जातात. प्रस्तुत लेखात त्या कर्जत व खालापूर या रायगड जिल्ह्यातील दोन अंतर्भागीय तालुक्यांतून वाचावयाच्या आहेत. या निवडीस कारण आहे. पूरकांत जाणाऱ्या वनस्पती येथल्या डोंगरांत उगवतात, पाताळगंगेच्या काठी औषधांचे कारखाने आहेत, आणि ज्या मुंबईत असा माल खपतो ती लोहमार्गाने दोन तासांच्या आत गाठता येते. नियमांच्या वाटेची दोन्ही टोके येथून दिसतात.

उदाहरण एकच, गुळवेलीचे, घेऊ. भीमाशंकरच्या पायथ्याशी खांडसकडे, माथेरानच्या उतारांवर, पेज आणि उल्हास यांच्या खोऱ्यांत ही वेल सर्वत्र आढळते. कडुनिंबावर चढलेली गुळवेल अधिक गुणाची, अशी समजूत आहे. येथील ठाकर व कातकरी समाजांना वनौषधींचे उत्तम ज्ञान आहे आणि कशेळे येथील अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने त्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले, हे या विषयाच्या विद्यार्थ्यास ठाऊक असेलच. करोनाच्या साथीत गुळवेलीची मागणी एकदम वाढली. शहापूर तालुक्यातील आदिवासींचे वनधन केंद्र तर त्या व्यवहारामुळे देशभर प्रसिद्धीस आले.

आता ही वेल तोडून सुकविली, दळली आणि डबीत भरली, म्हणजे ती कायद्याच्या दृष्टीने काय होते? १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात १९६४ मध्ये आयुर्वेदीय औषधांचे प्रकरण जोडले गेले. त्यानुसार तिला औषधाचा परवाना मिळू शकतो. २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याच्या बाविसाव्या कलमाने आयुर्वेदीय औषधे अन्नाच्या या वर्गातून वगळली आहेत. तथापि त्याच कलमाखाली २०१६ मध्ये निघालेल्या विनियमांत वनस्पतिज घटकांची लांबलचक अनुसूची आहे आणि तीत गुळवेलीसह आयुर्वेदाच्या नेहमीच्या वनस्पती आढळतात. पुढे २०२२ मध्ये ‘आयुर्वेद आहार’ हा तिसरा वर्ग आला. एकच चूर्ण एका डबीवर रोगनिवारक ठरते, तर दुसरीवर ‘औषधी उपयोगासाठी नाही’ असे छापणे सक्तीचे होते. महाराष्ट्रात अन्न आणि औषध हे दोन्ही विषय एकाच प्रशासनाकडे आहेत, ही गोष्ट या संदर्भात गमतीची वाटते. शेजाऱ्यांशी एकवाक्यता साधण्यापूर्वी एका कार्यालयातील दोन मेजांची एकवाक्यता साधावयास हवी.

परंतु वर्गीकरणाचा हा गोंधळ प्रस्तुत लेखकाच्या मते दुय्यम आहे. मुख्य दोष वनस्पतीच्या ओळखीसंबंधीचा आहे. मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांमधील यकृतदाहाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांपैकी काहीजण वेलीचे तुकडे घरीच उकळून घेत होते. पुढील वर्षी देशातील तेरा केंद्रांतून अशा त्रेचाळीस रुग्णांची माहिती एकत्रित झाली. आयुष मंत्रालयाने पहिल्या वृत्तान्तास उत्तर देताना रुग्णांनी घेतलेली वनस्पती नेमकी कोणती हे तपासलेच गेले नाही, असा आक्षेप घेतला. खरी गुळवेल म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया निर्धोक असून तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा अपायकारक असू शकते, असे त्याचे प्रतिपादन होते. यकृततज्ज्ञांनी आपल्या निष्कर्षाचा पाठपुरावा चालू ठेवला. या वादात कोणाची बाजू घ्यावी हा वैद्यकाचा प्रश्न आहे. नियमांच्या समीक्षकास महत्त्वाचे वाटते ते हे की, असा आक्षेप घेता येण्यास जागाच उरली. विकत घेतलेल्या डबीवरून ती शंका फिटावी अशी कोणतीही खूण नियमांनी मागितलेली नव्हती.

येथे शेजारी देशांचा प्रश्न खऱ्या अर्थाने उपस्थित होतो. क्रिस्पा ही प्रामुख्याने आग्नेय आशियाची वेल. थायलंडात ती बोराफेत, इंडोनेशियात ब्रोतोवाली, फिलिपाइन्समध्ये मकाबुहाय. आपली गुळवेल बंगालीत गुलंच, नेपाळात गुर्जो, सिंहलीत रसकिंद. टिनोस्पोरा सायनेन्सिस ही तिसरी बहीण आपल्याकडेही मिळते. तिच्या पानाच्या खालच्या अंगास लव असते, गुळवेलीचे पान गुळगुळीत असते. क्रिस्पाच्या खोडावर पुष्कळ गाठी असतात. पण औषधात जाते ते खोड. पाने गळलेले, कापलेले, वाळलेले खोड पाहून भेद करणे अनुभवी माणसासही कठीण जाते, आणि दळल्यानंतर तर प्रयोगशाळेवाचून गत्यंतर नाही.

आसियानच्या मसुद्यांत निषिद्ध द्रव्यांची सूची, दूषकांच्या मर्यादा, उत्पादनपद्धती, टिकाऊपणा, दावे, वेष्टनावरील मजकूर आणि जीवनसत्त्वांच्या कमाल मात्रा यांचा सविस्तर विचार आहे. तो परिश्रमपूर्वक केलेला आहे यात संशय नाही. युरोपीय निर्देशाने तर कमाल मात्रा ठरविण्याचा संकल्पही सोडला, आणि दोन दशके उलटूनही तो पुरा झालेला नाही. भारताने मात्रा भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या शिफारशींशी बांधून टाकली, त्यामुळे शेजाऱ्याचा आकडा निराळा असला की माल सीमेवर अडतो. आकड्यांवर इतके श्रम खर्च होतात याचे कारण उघड आहे. क्षार व जीवनसत्त्वे यांची ओळख रसायनशास्त्राने आधीच निश्चित करून दिली आहे. वनस्पतीच्या बाबतीत ते गृहीत धरता येत नाही, तरीही संहितांची मांडणी जीवनसत्त्वांच्याच नमुन्यावर झाली.

दक्षिण आशियात तर आरंभच दूर आहे. ‘सार्क’ची प्रादेशिक मानक संस्था २०११ मध्ये ढाक्यास स्थापन झाली. तिच्या समित्या अन्न व कृषी, ताग-वस्त्र-कातडे, बांधकामसाहित्य, विद्युत् आणि रसायने यांपुरत्या आहेत, आणि २०१४ च्या काठमांडू बैठकीनंतर सार्कची शिखर परिषदच भरलेली नाही. दरम्यान पाकिस्तानने २०१४ मध्ये पर्यायी औषधे व आरोग्यउत्पादने यांच्या नोंदणीचे स्वतंत्र नियम केले. श्रीलंकेत आयुर्वेदाचा कायदा १९६१ पासून आहे. प्रत्येकाने आपापली चौकट उभारली, पण गुर्जो, गुलंच, रसकिंद आणि गुळवेल यांचे नमुने समोरासमोर ठेवून पाहणारी नियामक व्यवस्था या चौकटींत दिसत नाही.

हे काम राजकीय करारावाचूनही सुरू होऊ शकते. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर वनस्पतिसंग्रह, नेपाळातील गोदावरी आणि श्रीलंकेतील पेरादेणिया येथील राष्ट्रीय संग्रह यांच्यात प्रमाणित नमुन्यांची देवघेव झाली, तर नियमांतील नावास एक निश्चित वस्तू लाभेल. त्यापुढची पायरी कर्जतच्या डोंगरातच आहे. तोडणारा ठाकर पान पाहूनच वेल ओळखतो, परंतु खरेदीदारास फक्त खोड हवे असल्याने पाने जागीच झडून पडतात. राजपत्र हिंदी व इंग्रजीत निघते आणि त्यात या माणसाचा उल्लेख नसतो. प्रत्येक खेपेबरोबर पानांसह एक डहाळी, तोडल्याचे ठिकाण आणि तारीख लिहून, खरेदीदाराकडे जपून ठेवावी, एवढे एक कलम पुरेसे आहे. त्यासाठी जुने वर्तमानपत्र, दाबण्यास फळी आणि डहाळीमागे तोडणाऱ्यास द्यावयाचे चार पैसे लागतील, आणि हे पैसे कोणी द्यावयाचे हेही त्याच कलमात लिहिले पाहिजे.