अपमानाचे माप

शेक्सपिअरच्या नाटकांतील शिव्यांचे कौतुक करताना रसिक बहुधा त्यांची लांबी मोजतात. ‘किंग लिअर’मधील केंट हा ऑस्वाल्डवर विशेषणांचा जो मारा करतो, तो एका दमात म्हणून दाखविण्यात महाविद्यालयीन तरुणांना मोठा पुरुषार्थ वाटतो. परंतु त्या भाषणाची खुबी विशेषणांच्या संख्येत नाही. ऑस्वाल्डचे जाडेभरडे लोकरी मोजे, धन्याकडून मिळणारे मोजके पोशाख, त्याची लाचारी, हे सारे केंटने नेमके टिपले आहे. ती शिवी एका माणसाच्या अंगावर बेतून शिवलेली आहे. दुसऱ्यास ती होत नाही. आमच्या अनगोळास गल्लीतले भांडण मराठीत सुरू होऊन रंगात येताच कानडीत शिरते, तेव्हा शब्दसंपत्ती दुप्पट होते खरी. पण वर्मी लागणारा शब्द एखादाच असतो, आणि तो त्या घरची गोष्ट ठाऊक असणाराच काढू शकतो.

अब्रूनुकसानीच्या दाव्यांनी बेजार झालेल्या त्या काळच्या इंग्लिश न्यायाधीशांनी शब्दांचा होईल तितका सौम्य अर्थ घेण्याचा परिपाठ पाडला होता. १६०८ च्या सुमारास सर टॉमस होल्ट यांनी दावा लावला. आपण आचाऱ्याचे डोके सुऱ्याने फोडले व त्याचे एक शकल एका खांद्यावर आणि दुसरे दुसऱ्या खांद्यावर पडले, असे प्रतिवादी म्हणाला, ही त्यांची तक्रार. न्यायालयाने दावा मान्य केला नाही. कारण आचारी मेला, असे प्रतिवादी कोठे म्हणाला होता? निवाडे वाचणे हा आमचा धंदाच आहे. इतक्या गंभीर चेहऱ्याचा विनोद आम्हांस दुसरीकडे आढळला नाही.

न्यायाधीश शब्द तपाशीत होते. नाटककाराचे लक्ष ऐकणाऱ्याकडे होते. राजपुत्र हॅल आणि फॉल्स्टाफ एकमेकांच्या लठ्ठपणाचा व कृशपणाचा जो उद्धार करतात तो निव्वळ शिमगा आहे. फॉल्स्टाफला धाप लागली की हॅल त्याला दम घ्यावयास सांगतो, आणि कोणी काही मनात ठेवीत नाही. शायलॉक मात्र सारे मनात ठेवतो. अँटोनिओ कर्ज मागावयास येतो तेव्हा तो आधी जुन्या थुंकण्याचा आणि कुत्रा म्हटल्याचा हिशेब वाचून दाखवितो, आणि मग करारनामा करतो. व्हेनिसच्या न्यायसभेत त्या करारनाम्याचा कीस पडतो. त्यामागील अपमानाची सुनावणी होत नाही.

हा दुसरा प्रकार मराठी रंगभूमीवर पाहावयाचा तर गडकऱ्यांच्या ‘भावबंधन’कडे वळावे. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी वारले. अखेरच्या दुखण्यात पुरे केलेले हे नाटक त्याच वर्षी बळवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणले. श्रीमंताघरची मानी लतिका घनश्यामाचा पाणउतारा करते, आणि त्या एका प्रसंगातून त्याचा सूड व त्यात भरडला जाणारा भोळा धुंडिराज, हे सारे नाटक उभे राहते. लतिका केली मास्टर दीनानाथांनी आणि घनश्याम चिंतामणराव कोल्हटकरांनी. गोमंतकीय वाचकांस हे अगत्याने सांगावेसे वाटते की हा मराठी पाणउतारा मंगेशीच्या गळ्यातून प्रथम ऐकू आला.

घनश्यामास खलपुरुषांच्या यादीत टाकून मोकळे होण्याची वाट फार सोपी आहे, आणि ती आम्हांस पसंत नाही. लतिकेच्या तोऱ्यास प्रेक्षक हसतो, तेव्हा तोही त्या अपमानात भागीदार होतो. पुढे सूड अंगावर येऊ लागला म्हणजे मात्र त्यास घनश्याम एकाएकी राक्षस दिसू लागतो. नटीने ते भाषण केवळ खटकेबाज म्हणून टाळ्या घेतल्या की पुढच्या साऱ्या नाटकाचा पाया ढासळतो.

दोष गडकऱ्यांकडेही जातो. दुखावलेला शायलॉक साधे, उघडे प्रश्न विचारतो: आम्हांस टोचले तर रक्त येत नाही काय? घनश्यामाची जखम मात्र अलंकारांनी इतकी मढविलेली आहे की तिचे रक्त दिसावयास वेळ लागतो. कोटीचा मोह त्या महापुरुषास घनश्यामाच्या तोंडीही आवरला नाही. शायलॉकला दाद मागण्यास न्यायसभा तरी होती. घनश्यामास तीही नाही. फिर्यादी तोच, न्यायाधीश तोच आणि हुकूमनामा बजावणारा बेलिफही तोच.