विनोदी कथेचें व्याकरण

विनोदाची चिकित्सा केली कीं विनोद मरतो, अशी भीति रसिकांकडून वारंवार व्यक्त होते. परंतु वृत्ताच्या मात्रा मोजल्यानें कविता मेल्याचें कोणी पाहिलेलें नाहीं. उलट चिकित्सेच्या अभावीं आपली समीक्षा विनोदी लेखकाला ‘निर्मळ’, ‘निर्विष’ अशीं दोनचार विशेषणें वाहून मोकळी होते. म्हणून भाषाशास्त्र व कथनमीमांसा येथें कितपत उपयोगी पडतात, हें पाहणें अगत्याचें आहे.

व्हिक्टर रॅस्किन यांनीं १९८५ मध्यें मांडलेल्या उपपत्तीप्रमाणें विनोदी वचन दोन परस्परविरोधी अर्थचौकटींत पूर्णतः वा अंशतः बसतें. ‘त्या धनिकानें जन्मांत कांहीं दिलें असेल, तर जांभई’ हें वाक्य घ्या. ‘देणें’ हें क्रियापद वाचकाला दानाच्या दिशेनें नेतें आणि शेवटचा शब्द त्याला भलत्याच ठिकाणीं आणून सोडतो. मराठींत जांभई केवळ ‘येत’ असती, कोणी ती ‘देत’ नसता, तर ही कोटी संभवलीच नसती. तिचा प्राण कृपणतेच्या कल्पनेंत नसून भाषेच्या रूढींत आहे. एवढें हें शास्त्र निःसंशय दाखवितें.

परंतु कोटी एकदां कळली कीं तिचा जोर ओसरतो. मग ‘एरंडाचें गुऱ्हाळ’पासून मराठी घरांत वावरणारे चिं. वि. जोशी यांचे चिमणराव पुनःपुन्हां वाचूनही शिळे कां होत नाहींत? साल्व्हातोरे अटार्डो यांनीं २००१ मध्यें दीर्घ विनोदी कथांचा विचार करतांना ओघांत येणारीं विनोदस्थळें अखेरच्या कलाटणीहून वेगळीं काढलीं. भेद उपयुक्त आहे. पण अशा स्थळांची यादी पुरी झाली, तरी चिमणराव हातीं लागत नाहींत.

येथें कथनमीमांसेकडे वळावें लागतें. ज्याच्या निवेदनावर सर्वस्वीं विसंबूं नये अशा निवेदकाचें स्वरूप वेन बूथ यांनीं १९६१ मध्यें विशद केलें. ‘पाहतो कोण’ आणि ‘सांगतो कोण’ हे प्रश्न निराळे आहेत, हें जेरार झेनेत यांनीं १९७२ मध्यें दाखविलें. चिमणराव आपली हकीकत स्वतःच सांगतात. ते लबाड नाहींत. फजितीही ते दडवीत नाहींत. गुंड्याभाऊच्या धाडसामागें होणारी आपली फरफट ते पापभीरु गृहस्थाच्या गंभीर, नेटक्या भाषेंत निवेदन करतात. तिचा अर्थ ते एक लावतात, आपण दुसरा. कोटींतील विरोध शब्दांमध्यें असतो. हा विरोध सांगणारा आणि सांगितलेलें यांच्यामध्यें आहे. म्हणूनच माणूस ओळखीचा होईल तसतसा तो अधिक रंगतो.

श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचा सुदामाही स्वमुखानेंच बोलतो. पण तो रूढींची कड घेत असतां त्याच्या पाठीमागून उपहास करणारे कोल्हटकर सतत ऐकूं येतात. चिमणरावांच्या पाठीमागें चिं. वि. जवळजवळ अदृश्य आहेत. सुदामा वाचतांना आपण लेखकाच्या बुद्धीला दाद देतों. चिमणराव वाचतांना लेखकाला विसरतों.

मात्र त्या कारकुनाच्या फजितीला हंसतांना तुच्छता न वाटतां आपुलकी कां वाटते, याचें उत्तर कोणत्याही कोष्टकांत नाहीं. तें ज्यानें त्यानें आपल्या संसारांत शोधावयाचें. त्या उंबरठ्यापर्यंत वाचकाला आणून सोडण्याचें काम शास्त्रानें केलें, तरी आपल्या विनोदसमीक्षेची त्या दोनचार विशेषणांतून सुटका होईल.