कोड वाचायला कोण शिकवणार?

नव्या प्रोग्रामरने काय वाचावं, असं विचारलं की उत्तरं ठरलेली असतात. रॉबर्ट मार्टिन यांचं ‘क्लीन कोड’, हंट आणि थॉमस यांचं ‘द प्रॅग्मॅटिक प्रोग्रामर’, चौघांनी मिळून लिहिलेलं ‘डिझाइन पॅटर्न्स’, आणि मान राखायचा म्हणून डोनाल्ड क्नुथ यांचे जाडजूड खंड, जे कपाटात दिसतात पण क्वचितच उघडले जातात. यादी वाईट नाही. पण तिचा सगळा रोख कोड लिहावा कसा, यावर आहे. नोकरीतला प्रोग्रामर मात्र बराचसा वेळ दुसऱ्याने लिहिलेला, बहुधा कंपनी सोडून गेलेल्याने लिहिलेला कोड वाचण्यात घालवतो. त्या कामाला उपयोगी पडतील अशी पुस्तकं मोजकी आहेत, आणि ती यादीत सहसा नसतात.

नियम सांगणारी पुस्तकं लवकर शिळी होतात. ‘डिझाइन पॅटर्न्स’ १९९४ चं. त्यात २३ रचना आहेत. पीटर नॉर्विग यांनी १९९६ मध्ये दाखवून दिलं की लिस्पच्या वळणाच्या भाषांमध्ये त्यांतल्या १६ रचना एकतर लागतच नाहीत किंवा फार सोप्या होतात. म्हणजे शाश्वत तत्त्व समजून जे पाठ केलं, त्यातलं पुष्कळसं त्या काळच्या भाषांच्या उणिवांवरचा उतारा होता. त्यांतली ‘सिंगलटन’ ही रचना मुलाखतीत अजून विचारतात, तो भाग वेगळा. ‘क्लीन कोड’ २००८ चं. फंक्शन लहान करा, अजून लहान करा, हा त्याचा आग्रह. जॉन ऑस्टरहाउट यांनी २०१८ च्या ‘अ फिलॉसॉफी ऑफ सॉफ्टवेअर डिझाइन’मध्ये याच आग्रहाला हरकत घेतली: तुकडे फार बारीक केले तर एक तुकडा कळायला दुसऱ्या चार ठिकाणी जावं लागतं. माझं मत ऑस्टरहाउट यांच्या बाजूचं, कारण ते वाचणाऱ्याच्या खुर्चीत बसून बोलतात. त्यांचं पुस्तक पातळ आहे, हाही एक गुणच.

उलट, जॉन बेंटली यांचं ‘प्रोग्रॅमिंग पर्ल्स’ (१९८६) अजूनही ताजं आहे. त्यात बायनरी सर्चचा छोटासा प्रोग्राम पायरीपायरीने तपासून बरोबर ठरवलेला आहे. जॉशुआ ब्लॉक यांनी जावासाठी तोच लिहिला. पुढे नऊएक वर्षांनी, २००६ मध्ये, त्यांनीच जाहीर केलं की यात बग आहे: यादीत शंभर कोटींहून अधिक नोंदी असल्या की मधला क्रमांक काढताना बेरीज मर्यादेबाहेर जाते. इतक्या डोळ्यांखालून गेलेल्या चार-दोन ओळींची ही गत! ही हकीकत ज्याने नीट वाचली, तो पुढे कुठलाही ‘साधा’ कोड निर्धास्तपणे वाचणार नाही.

पण नुसतं सावध होऊन भागत नाही, वाचताना वाट दाखवणाराही लागतो. मूळ ग्रंथ समोर ठेवून त्याचा ओळीओळीने अर्थ उलगडणारी टीका आपल्याला ज्ञानेश्वरीपासून परिचयाची आहे. सॉफ्टवेअरमधलं तिचं अव्वल उदाहरण सिडनीच्या जॉन लायन्स यांचं. विद्यार्थ्यांसाठी त्यांनी युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीच्या गाभ्याचा, सुमारे ९,००० ओळींचा कोड एका वहीत छापला आणि दुसऱ्या वहीत त्यावरचं विवेचन, १९७७ मध्ये. पण १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या परवान्याने मूळ कोड वर्गात शिकवायलाच बंदी घातली. मग त्या वह्यांच्या झेरॉक्स, झेरॉक्सच्याही झेरॉक्स, हातोहात फिरल्या. रीतसर पुस्तक निघायला १९९६ उजाडलं. हे वाचताना कळतं की चांगला कोड म्हणजे नुसती नेटकी नावं आणि छोटी फंक्शनं नव्हेत; तिथे मेमरीची चणचण आहे, यंत्राचे हट्ट आहेत, आणि लेखकांनी जाणूनबुजून केलेल्या तडजोडीही आहेत. नियमांच्या पुस्तकात यातलं काही भेटत नाही, कारण त्यातली उदाहरणं नियमासाठीच बेतलेली असतात.

आपल्याकडच्या पिढ्यांनी सी भाषा शिकली ती बरीचशी नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’वरून. कर्निगन आणि रिची यांचं मूळ पुस्तक वाचलेले लोक त्याला नाकं मुरडतात. टर्बो सीच्या निळ्या पडद्याच्या सवयी त्यातून आल्या, हे खरंच. पण प्रकरणाच्या शेवटी ‘या प्रोग्रामचं आउटपुट काय येईल?’ आणि ‘यात चूक कुठे आहे?’ असे प्रश्न असत. ते सोडवायला कोड वाचावाच लागे, तोही कागदावर, यंत्राशिवाय. भारदस्त याद्यांतल्या पुष्कळ पुस्तकांत एवढाही सराव नसतो. उणीव एवढीच की ते प्रोग्राम पाच-दहा ओळींचे, चकवण्यासाठी रचलेले. दहा हजार ओळींच्या जंगलात वाट कशी काढायची, हे त्यातून येत नाही.

मोठा कोड वाचायला शिकवण्याच्या दिशेने थोडं काम झालंय. डायोमिडिस स्पिनेलिस यांनी २००३ मध्ये ‘कोड रीडिंग’ लिहिलं. उदाहरणं खऱ्या, खुल्या प्रकल्पांतली. उत्तम, पण कंटाळवाणं. फेलिएन हेरमान्स यांच्या ‘द प्रोग्रामर्स ब्रेन’मध्ये (२०२१) वाचताना स्मरणशक्तीवर कसा ताण येतो, याचं सरळ विवेचन आहे. आता यंत्रच पानंच्या पानं कोड लिहून देऊ लागलंय आणि तो तपासायचं काम माणसाकडे आलंय, तेव्हा ही दोन पुस्तकं ‘क्लीन कोड’च्या आधी हातात द्यायला हवीत. सोबत एमआयटीचं एक्सव्ही६: लायन्स यांच्याच युनिक्सचा आधुनिक सीमधला छोटा अवतार, सोबतच्या पुस्तकासकट फुकट मिळणारा. महिनाभर संध्याकाळी तास-दोन तास दिले तर तो पुरा वाचून होतो.