तलातपाशाच्या तारा : एका वादग्रस्त दप्तराची तपासणी

तानेर आक्चाम यांचा ‘किलिंग ऑर्डर्स’ हा ग्रंथ इंग्रजींत २०१८ सालीं निघाला. त्याची तुर्की आवृत्ति दोन वर्षें आधीं, म्हणजे २०१६ त, इस्तंबूल येथें प्रसिद्ध झाली होती. तुर्क व आर्मेनियन या दोन समाजांमधील शंभर वर्षांहून जुना व अद्याप न मिटलेला वाद हा ग्रंथाचा विषय होय. या विषयावर पुस्तकें पुष्कळ आहेत. त्यांतून हें आम्ही वेगळें काढतों, याचें कारण त्यांतील मुख्य भाग कागद, रेघा, अंक, सही व तारीख यांजविषयीं आहे. ज्यांची हयात जुने रुमाल सोडण्यांत गेली त्या वाचकांस हा वाद परदेशांतला असला तरी परका वाटणार नाहीं.

पूर्वपीठिका थोडक्यांत सांगितली पाहिजे. १९१५ च्या एप्रिल महिन्याच्या २४ तारखेस इस्तंबूलमधील आर्मेनियन पुढारी, लेखक व वृत्तपत्रकार यांस पकडण्यांत आलें. २७ मे रोजीं हद्दपारीचा कायदा झाला, आणि अनातोलियांतील आर्मेनियन वस्ती काफिल्यांनीं सिरियाच्या वाळवंटाकडे हांकण्यांत आली. वाटेंत व मुक्कामावर कत्तल, उपासमार व रोगराई यांनीं किती माणसें मेलीं याचे अंदाज सहा लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत आहेत. आर्मेनियन लोक यास एका समाजाचा ठरवून केलेला संहार म्हणतात व बहुतेक इतिहासकारांचें मत तेंच आहे; तुर्की सरकार मृत्यु नाकारीत नाहीं, हेतु नाकारतें. म्हणून सारा वाद हेतूच्या लेखी पुराव्यावर येऊन ठेपला, व तो पुरावा म्हणून जे कागद प्रथम पुढें आले ते तलातपाशाच्या तारा या नांवानें ओळखले जातात. तलातपाशा त्या वेळीं अंतर्गत कारभाराचा मंत्री होता.

हे कागद कोणीं मिळविले? अराम आंदोनियन हा इस्तंबूलचा पत्रकार. २४ एप्रिलच्या धरपकडींत सांपडला व जिवानिशीं सुटला. १९१८ त हलब शहरीं त्याची गांठ नईम एफेंदी नांवाच्या कारकुनाशीं पडली. हा हलबच्या हद्दपारी खात्यांत कामास होता. त्याजकडून आंदोनियननें आठवणींचें टांचण, तारांच्या नकला व कांहीं मूळ कागद घेतले आणि १९२० सालीं ते लंडन व पॅरिस येथें छापिले. आर्मेनियन प्रत पुढल्या वर्षीं बोस्टनला निघाली. बर्लिन येथें तलातपाशास गोळी घालणाऱ्या सोगोमोन तेहलिरियानवर १९२१ च्या जूनांत खटला झाला, तेव्हां यांतील कागद तेथें नेण्यांत आले होते. पुढें मूळ कागदांचा माग सुटला.

येथें एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. छापील ग्रंथांत आंदोनियननें नईमचें चित्र मनाच्या टोंचणीनें कागद आणून देणाऱ्या भल्या माणसाचें काढलें आहे. १९३७ सालच्या एका खाजगी पत्रांत मात्र तो हा मनुष्य दारू व जुगार यांच्या पायीं पैशाला वखवखलेला होता असें कबूल करतो. कागद विकणारा मनुष्य साधु असावा अशी अपेक्षा करणारा संग्राहक आम्हीं अद्याप पाहिला नाहीं, व विकणारा व्यसनी म्हणून कागद खोटा हेंही अनुमान निघत नाहीं. परंतु विकत घेणाऱ्यानें विक्रेत्याचें चरित्र सजवून छापलें, हें मात्र खटकतें. प्रस्तावनेंत खरें लिहिलें असतें तर पुढील साठ वर्षांचा निम्मा संशय उत्पन्नच झाला नसता.

१९८३ सालीं अंकारा येथील तुर्की इतिहास संस्थेनें शिनासी ओरेल व सुरैया युजा यांचें पुस्तक काढलें. या कागदांची पद्धतशीर परीक्षा अशी तीच पहिली. या दोघांस प्रचारक म्हणून झटकून टाकण्याची रीत पडली आहे. ती आम्हांस मान्य नाहीं. त्यांचा निकाल कसाही असो, त्यांनीं विचारलेले प्रश्न कोणाही संशोधकानें विचारावयाचेच आहेत. नईम नांवाचा कारकून खरोखर होता काय? सरकारी कचेरी रेघांच्या कागदावर लिहीत असे काय? तारांत दोन व तीन अंकांचे गट आहेत, तर त्या काळीं मंत्रालयाची सांकेतिक लिपि तशी होती काय? हलबचा वाली मुस्तफा अब्दुलखालिक याची म्हणून जी सही दाखविली आहे ती त्याच्या इतर सह्यांशीं जुळते काय, आणि शेऱ्याच्या तारखेस तो हलबास रुजू तरी झाला होता काय?

सर्वांत मार्मिक आक्षेप तारखेचा आहे, व तो थोडा उलगडून सांगतों. उस्मानी कारभारांतील रूमी सन त्या काळीं १ मार्चला बदलत असे व ख्रिस्ती पंचांगाच्या तेरा दिवस मागें चाले. आंदोनियनच्या ग्रंथांत इत्तिहाद पक्षाचा पुढारी बहाउद्दीन शाकिर याचीं म्हणून दोन पत्रें आहेत. एकावर १८ फेब्रुवारी १३३१ व दुसऱ्यावर २५ मार्च १३३१ अशी मिति आहे. दुसरीची संगति ७ एप्रिल १९१५ अशी नीट लागते. पण पहिली काटेकोर मोजली तर २ मार्च १९१६ येते, म्हणजे जें पत्र संहाराचा ठराव कळवितें तें हद्दपारी होऊन जवळजवळ वर्ष लोटल्यावरचें ठरतें! ३ मार्च १९१५ यावयास १३३० पाहिजे होतें. ओरेल व युजा म्हणतात कीं, सन मार्चांत बदलतो हें ठाऊक नसलेल्या बनावट करणाराचा हात येथें उघडा पडला. मृगापासून बदलणारा शुहूर सन व चैत्रापासून बदलणारा शक यांचा मेळ घालतांना ज्यांनीं जंत्री झिजविली आहे, त्यांस या आक्षेपाचें वजन सांगावयास नको. मात्र त्यांस हेंही ठाऊक आहे कीं, एका मितीच्या चुकीवरून आम्ही एखादें पत्र लागलेंच बनावट ठरवीत नाहीं; नक्कलकाराची चूक, छापणाराची चूक व मूळ लेखकाची चूक या तिहींचा विचार आधीं करतों.

या पुस्तकाला दाद्रियान यांनीं १९८६ त उत्तर दिलें, पण मूळ कागद त्यांच्याही हातीं नव्हते. उलट पाश्चात्त्य विद्वानांपैकींही कित्येकांनीं ओरेल-युजांचा निर्णय ग्राह्य धरला व हे कागद पुराव्यांतून गळाले. आक्चाम यांचें काम येथून सुरू होतें.

क्रिकोर गेर्गेरियन या आर्मेनियन कॅथलिक धर्मगुरूनें, जो स्वतः लहानपणीं त्या प्रलयांतून वांचला होता, १९५० च्या सुमारास पॅरिसच्या नुबारियन ग्रंथालयांत नईमच्या टांचणाचीं छायाचित्रें घेतलीं. मूळ टांचण आज तेथें नाहीं. छायाचित्रें गेर्गेरियनच्या मृत्यूनंतर न्यूयॉर्कला त्याच्या पुतण्याकडे राहिलीं, आणि तेथून तीं आक्चाम यांस पाहावयास मिळालीं. मग त्यांनीं एक साधें काम केलें : ओरेल व युजा यांच्या प्रत्येक विधानाची कसोटी इस्तंबूलच्या सरकारी दप्तरावरच लावून पाहिली. रेघांचे कागद मंत्रालयाच्या निःसंशय अस्सल पत्रव्यवहारांत निघाले. दोन, तीन, चार व पांच अंकांचे गट एकाच काळीं चालू असल्याचें आढळलें. नईमनें नांवानिशीं उल्लेखिलेल्या हद्दपार मंडळींविषयींचा पत्रव्यवहार सरकारी रुमालांत स्वतंत्रपणें मिळाला, व हें नईमला मनानें रचतां आलें नसतें.

नईमचें स्वतःचें अस्तित्व तर अजबच ठिकाणीं सिद्ध झालें. २००७ सालीं तुर्की लष्करी मुख्यालयानें आर्मेनियनांविरुद्धचा पुरावा म्हणून आपल्या दप्तरांतील कागदांचा जो खंड छापला, त्यांत मस्केने येथील लांचलुचपतीच्या चौकशींतील एक जबाब आहे. जबाब देणारा सिलिफ्केचा, हुसेन नुरी याचा पुत्र, वय २६, पूर्वीं मस्केने येथें हद्दपारांच्या रवानगीवर नेमलेला नईम एफेंदी! ज्या पक्षानें हा मनुष्य नव्हताच म्हटलें, त्याच पक्षाच्या छापखान्यांतून तो बाहेर आला. संपादकांच्या लक्षांत हें आलें नसावें. आलें असतें तर तो कागद छापला गेला असता कीं नाहीं याची आम्हांस शंका आहे.

इतकें मान्य करूनही आक्चाम जेथवर जातात तेथवर आम्हांस त्यांच्याबरोबर जातां येत नाहीं. ओरेल-युजांचे आक्षेप ढासळले म्हणजे कागद अस्सल ठरला असें नव्हे. तो बनावट असल्याचा पुरावा ढासळला एवढेंच. छायाचित्रावरून शाई, कागदाची जात व पाण्याच्या खुणा पाहतां येत नाहींत. नईमचें टांचण अस्सल आहे हें आम्हांस पटलें. त्यांत उतरलेली प्रत्येक तार शब्दशः तशीच आली होती हें वेगळें विधान आहे व त्यास वेगळा पुरावा लागेल. वालीच्या सहीच्या तारखांचें समाधानही आमच्या मतें पुरतें झालेलें नाहीं. टांचण, नकला व मूळ म्हणविलेले कागद हे तीन वर्ग प्रत्येक पानावर निराळे राखले असते, आणि प्रतिपक्षास फटकारण्यांत कमी जागा खर्ची घातली असती, तर ग्रंथ याहून बळकट झाला असता.

दोन्ही बाजूंनीं एक घोटाळा मात्र सारखाच केला आहे. तारा खोट्या म्हणून संहार खोटा, असें एकीकडे. संहार खरा म्हणून तारा खऱ्या, असें दुसरीकडे. १९१९-२० च्या इस्तंबूल लष्करी न्यायालयाचे निकाल ‘तक्वीम-इ-वकायी’ या सरकारी गॅझेटांत छापलेले आहेत. जर्मनी, जो तुर्कस्तानचाच दोस्त होता, त्याच्या व अमेरिकेच्या वकिलांचीं त्या त्या दिवसांचीं पत्रें आहेत. मंत्रालयाच्या स्वतःच्या तारा आहेत. नईम जन्मलाच नसता तरी हा पुरावा उभाच आहे. हलब येथील जर्मन वकील रॉसलर यानें १९२१ त आंदोनियनच्या ग्रंथावर मत देतांना सुटा सुटा कागद पारखणें आपणांस शक्य नाहीं, पण एकंदर मजकूर आपल्या माहितीशीं जुळतो, अशा अर्थाचें लिहिलें होतें. या विवेकाकडे पुढें फारसें कोणी वळलें नाहीं.

या दोन समाजांत बोलणीं व्हावीं म्हणून जे यत्न झाले त्यांकडे पाहिलें म्हणजे अशा शुष्क तपासणीचें मोल कळतें. २००४ सालीं व्हिएन्ना येथील मध्यस्थांच्या मार्फत दोन्हीकडील इतिहासकारांनीं प्रत्येकी शंभर कागदांची देवघेव केली. पुढली बैठक झालीच नाहीं. २००५ च्या सप्टेंबरांत इस्तंबूलच्या बिल्गी विद्यापीठांत तुर्क विद्वानांनीं या विषयावर परिषद् भरविली. ती मे महिन्यांत व्हावयाची होती, पण न्यायमंत्र्यानें तिला पाठींत खंजीर खुपसणें म्हटल्यामुळें पुढें ढकलावी लागली. दोन्ही समाजांशीं एकाच जिभेनें बोलणारा ‘आगोस’ पत्राचा संपादक ह्रांत दिंक याचा १९ जानेवारी २००७ रोजीं कचेरीच्या दारांत खून झाला. २००९ चे झुरिक येथील करार, ज्यांत इतिहासाची संयुक्त समिति योजिली होती, ते आर्मेनियानें २०१८ त रद्द केले. आक्चाम यांसही तुर्की दंडविधानाच्या ३०१ व्या कलमाचा जाच झाला व २०११ त युरोपीय न्यायालयानें त्यांच्या बाजूनें निकाल दिला. सभा मोडतात, करार फाटतात. ओरेल-युजांच्या प्रश्नास तेहेतीस वर्षांनीं दुसऱ्या एका तुर्कानें, आर्मेनियन धर्मगुरूच्या छायाचित्रांवरून व तुर्की दप्तराच्या साक्षीनें उत्तर दिलें, हा संवाद मात्र कोणास मोडतां आला नाहीं.

तो पुढें न्यावयाचा तर दप्तरें उघडलीं पाहिजेत. १९१९ च्या लष्करी न्यायालयाचें मूळ दप्तर नाहींसें झालें आहे. त्यांतील कागदांच्या ज्या नकला इस्तंबूलच्या आर्मेनियन धर्मपीठानें बाहेर काढल्या त्या जेरुसलेमच्या आर्मेनियन मठांत आहेत, व तेथें बहुतेक संशोधकांस मज्जाव आहे. बहाउद्दीन शाकिरच्या ४ जुलै १९१५ च्या तारेचें छायाचित्र आक्चाम यांस मिळालें तेंही गेर्गेरियननें पूर्वीं तेथें जाऊन घेतलें होतें म्हणूनच. अंकाऱ्याचें लष्करी दप्तरही निवडक हातांसच खुलें होतें. दुसऱ्यानें कागद लपविले म्हणून ओरडणारे दोन्ही पक्ष स्वतःच्या पेट्यांस कुलूप घालून बसले आहेत. जेरुसलेमच्या मठानें त्या पेट्यांची नुसती यादी छापावी, आणि अंकाऱ्याच्या मुख्यालयानें नईमच्या जबाबाची मागली-पुढली सारी चौकशी, त्याच्या सहीच्या छायाचित्रासह, प्रसिद्ध करावी. टांचणाचें अक्षर त्या सहीशेजारीं ठेवून पाहणें हें आतां पहिलें काम आहे.